पुढच्या तळ्यावर

"तीन द्या," बाबा तिकिटाच्या खिडकीत वाकून म्हणाले.

"दोनच," मुलगी मागून म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सॉरी हं, त्यांच्या लक्षात राहत नाही."

तिकीटवाल्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. त्यानं दोन तिकिटं फाडून दिली.

फाटकातून आत गेलं की पायवाट लागायची. एकापुढे एक चार तळी, मधे लव्हाळ्यांची दाटी. दुपार असूनही आभाळ इतकं खाली आलं होतं की पाणी कुठे संपतं ते कळत नव्हतं. गळ टाकून बसलेली माणसं एकमेकांपासून लांब लांब होती आणि कुणी बोलत नव्हतं. पहिल्या तळ्यापाशी पाटी होती : पकडलेले मासे परत पाण्यात सोडावेत.

"म्हणजे लग्नाला जायचं आणि न जेवता परत यायचं," बाबा म्हणाले.

ती हसली. असं काही बोलले की ते अगदी पूर्वीचे वाटत. मग त्यांनी नेहमीसारखं तिचं मनगट धरलं आणि नेहमीचाच प्रश्न विचारला.

"आई कुठे असेल गं आत्ता?"

पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा तिनं खरं ते सांगून टाकलं होतं. "बाबा, आई गेली. इथेच, शेवटच्या तळ्यात. पाय घसरला तिचा. मी उडी मारली, तिचा हात हातात आला होता, पण सुटला." बाबा तिथेच मटकन बसले होते. लहान मुलासारखे रडले होते, जणू हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला. खरं सांगून या माणसाला पुन्हा रडवायचं नाही.

"पुढच्या तळ्यावर आहे," ती म्हणाली. "बसली असेल गळ टाकून."

"पुढच्या तळ्यावर," बाबा पुटपुटले आणि चालू लागले.

उत्तर लागू पडायचं. दुसऱ्या तळ्याशी विचारलं की तिसऱ्यावर, आणि तिसऱ्यावरून ती काही ना काही सबब काढून त्यांना माघारी वळवायची. चौथ्याच्या पुढे तळं नव्हतं.

दुसऱ्या तळ्याच्या बाकावर बाबांनी खिशातून डबी काढली. "एक तुला, एक मला."

"मला कशाला?"

"मग मीही नाही घेत जा."

"अवघड आहे बाई तुमचं!" तिनं गोळी गिळली. त्यांनी औषध घ्यावं म्हणून ती हल्ली काहीही करायला तयार होती.

तिसऱ्या तळ्यापाशी तिला पलीकडच्या काठावर एक बाई दिसली. रुंद कडांची टोपी, हातात काहीच नाही. ही दोघं चालली की तीही चालायची. थांबली की थांबायची. डावा पाय किंचित ओढत.

मुलगी तिकडेच बघत राहिली.

"काय गं?" बाबांनी विचारलं.

"कुठे काय."

"काहीतरी बघत होतीस. कोण आहे तिकडे?" त्यांचा आवाज एकदम कोवळा झाला. "कशी दिसते?"

"कुणी नाही हो. चला, पाऊस येईल. फिरू या मागे."

"आज पुढे जाऊ."

"बाबा, नको."

"आज जाऊच," ते म्हणाले. मनगटावरची पकड घट्ट होती.

चौथ्या तळ्याचं पाणी हिरवं, जाड होतं. त्यावर एक तरंग नव्हता. तिला कानांत पाणी भरल्यासारखं वाटलं. पलीकडचा काठ आता मोकळा होता.

लव्हाळी हलली आणि ती बाई पायवाटेवर आली. अगदी समोर. टोपीच्या सावलीत चेहरा ओला दिसत होता.

"दमलीस?" बाईनं विचारलं.

तोच आवाज. हनुवटीवर तोच तीळ. मुलीनं त्या बाईच्या हाताकडे पाहिलं आणि झटकन नजर वळवली. हा हात पाण्यात आपल्या बोटांतून निसटताना तिनं पाहिला होता.

बाबा तिच्याकडे वळले. "बघ," ते म्हणाले. "नीट बघ आणि सांग. कोण आहे?"

एक शब्द, आणि तो तिच्या ओठांवर आला होता. पण तो उच्चारला तर बाबा या काठावरून हलणार नाहीत. रोज इथे येऊन बसतील आणि एखाद्या दिवशी त्या पाण्यात उतरतील. आई गेली, आता बाबा तरी राहायला हवेत.

"कुणी नाही, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "मासे धरायला आलेल्या कुणी काकू आहेत." मग बाईकडे न पाहता, "माफ करा हं काकू. यांना जरा भास होतात."

बाईनं वाट सोडली.

परतताना बाबांनी एकदाही आईचं नाव काढलं नाही. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिचे पाय जड झाले होते, डोळे मिटत होते. गाडीच्या मागच्या सीटवर टेकताच तिला झोप लागली.

बाबांनी तिचा पट्टा लावला. दार आतून उघडणार नाही याची खात्री केली. किल्ली काढून ते पुढे स्टिअरिंगशी बसले, पण गाडी सुरू केली नाही.

थोड्या वेळानं पायवाटेवरून ती बाई आली, डावा पाय ओढत. तिनं हळूच मागचं दार उघडलं, मुलीच्या कपाळावरची बट सारली, तिचा झोपेतला हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"निदान आज मला बघून ती किंचाळली नाही," आई म्हणाली.