लालसरीच्या चोचीतला दाणा

फोटो मोठा करून मर्नानं स्क्रीनला नाक लावलं. लालसरी बदकाचा नर. मान तांब्याच्या भांड्यासारखी, डोळा लालभडक, चोचीवरून पाणी ठिबकतंय. आणि चोचीच्या टोकाला काहीतरी पिवळं.

तिनं आणखी मोठा केला. मक्याचा दाणा.

"च्यायला!" मर्ना म्हणाली. स्वयंपाकघरात ऐकायला कुणी नव्हतं.

शाळेची बस चालवणं सुटल्यापासून दर हिवाळ्यात ती या खिडकीशी बसे. काच वर सरकवायची, चौकटीवर राजम्याची पिशवी, पिशवीवर कॅमेरा, आणि बोटं बधिर होईपर्यंत वाट बघायची. लालसऱ्या नेहमी खाडीच्या मध्यावर. फोटोत नुसते मिरीएवढे ठिपके. यंदा मात्र नाताळ उलटला आणि थवाच्या थवा पार तिच्या होडीच्या धक्क्याशी येऊ लागला. मर्नाला वाटलं, आपली चिकाटी फळाला आली. चिकाटी कसली डोंबलाची! कुणीतरी मका टाकत होतं.

आणि चेसापीक खाडीच्या या काठावर मका म्हणजे चेष्टा नाही. बदकांना खायला घालायला कायद्याची ना नाही. खायला घालून गोळी घालायला आहे. दाणा सापडला की आसपास शिकार बंद, दाणे संपल्यावरही दहा दिवस बंद. आसपास शिकाऱ्यांनी दबा धरून बसायचं लपण एकच होतं. शेजारच्या ऑर्व्हिलचं. शहरातले वकील आणि दातांचे डॉक्टर, घडी न मोडलेले मातकट कपडे घालून, त्यात बसून मर्दुमकी गाजवायचे. ऑर्व्हिल त्यांना होडीतून नेऊन बसवायचा आणि मेलेली बदकं गोळा करून आणायचा. त्याचा हिवाळा त्या पैशांवर चालायचा.

हाच फोटो शनिवारी आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमधल्या प्रदर्शनात लागणार होता. तिथं शिकारीच्या कायद्यावर नजर ठेवणारा वॉर्डन कालवं खायला यायचा.

मर्नानं ऑर्व्हिलला फोन केला. गावाकडं निघालेली गाडी त्यानं तिच्या अंगणात वळवली. रबरी बूट दारात झटकले, न विचारता कॉफी ओतून घेतली, फोटो पाहिला.

"मी नाही," तो म्हणाला.

"मी विचारलं का?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या. बाई, माझ्या बापाची बंदूक मक्यापायी जप्त झाली. मी ताटातला मकासुद्धा इकडंतिकडं बघून खातो."

"मग कोण?"

"तूच टाकत असशील. फोटोसाठी."

"मला हे आधी सुचलं असतं तर इतके हिवाळे मी इथं गोठत बसले असते का रे, शहाण्या?"

दोघंही हसली. मग खुर्च्या ओढून, डोक्याला डोकं लावून, मागचे फोटो बघत बसली. कोडं सोडवायला बसलेल्या पोरांसारखी. एक फोटो, दुसरा, तिसरा.

"थांब," ऑर्व्हिल म्हणाला. "ही सगळी तिकडं काय बघतायत?"

खरंच. थव्यातल्या प्रत्येक पक्ष्याचं तोंड एकाच बाजूला होतं. चारा घालायच्या वेळी गुरं गोठ्याच्या दाराकडं बघतात, तसं.

"तो तुझा धक्का," मर्ना म्हणाली.

"कधीचे हे फोटो?"

"सकाळचे. तू तुझे वकील आणायला गेलास की येतात. मला वाटायचं, तुझ्या खटाऱ्याला भीत असतील."

ऑर्व्हिल गेल्यावर त्या घरात एकच माणूस उरायचं. फेय, त्याची बायको.

गेल्या हिवाळ्यात होडी उलटून तो बर्फाच्या पाण्यात गेला होता. फेयनं त्याला आकड्याच्या काठीनं ओढून काढलं. ओठ निळे पडलेले, जीभ हलेना. तेव्हापासून ती एकच म्हणत होती: बस कर आता. आणि हा म्हणत होता: लोकांना शब्द दिलाय. खरं कारण दुसरंच. या गावात पाण्याला भिऊन बंदूक खाली ठेवणाऱ्या पुरुषाला म्हातारपणीसुद्धा कुणी चिडवायचं सोडत नाही. मूर्ख गाव!

मर्नानं त्याच्याकडं न बघता विचारलं, "पुसून टाकू?"

तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो होता तो. तिचं बोट बटणावर होतं, आणि तिला ते दाबायचं नव्हतं.

"पुसला तरी तू बघितलायस," ती म्हणाली. "आता लपणात बसलास तर माहीत असून बसशील, आणि तो गुन्हा."

ऑर्व्हिलनं कॉफी संपवली. कप विसळून उपडा ठेवला. मग चोचीतल्या त्या पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"केवढा मोठा छापता येतो हा?"

"केवढा हवा?"

"दाणा दिसला पाहिजे. वॉर्डन कालवांच्या शेगडीपाशी उभा राहतो ना, तिथं समोरच्या भिंतीवर लाव. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर."

"तुझा हंगाम जाईल, ऑर्व्हिल."

"जाईल. मी शिव्या घालीन. कायद्याला, वॉर्डनला, तुझ्या कॅमेऱ्याला. सगळ्या हॉलला ऐकू जातील अशा. तू मनावर घेऊ नकोस."

"मी पण दोन देईन परत."

"दे. चांगल्या दे."

तो दारापर्यंत गेला. बूट चढवताना वाकला, आणि खालूनच, तिच्याकडं न बघता म्हणाला, "फेयला मात्र कळता कामा नये, मी हा बघितला म्हणून. मका टाकायचं थांबवेल ती, आणि दहा दिवसांनी मला परत लपणाकडं जावं लागेल."