पाहुण्यांच्या खुर्च्या

"बाहेर! पाय बाहेर होता!" संग्राम उठून टीव्हीच्या इतका जवळ गेला की मोरेश्वरला पडदाच दिसेना.

"सरक बे. पंचानं टचडाउन दिलंय."

"देणारच. तुमच्याच ग्राउंडवर खेळतोय ना आम्ही. आधीच सेट केलेलं असतं सगळं."

मॅच संपत आली होती. निळे म्हणजे संग्रामचं कॉलेज, नारिंगी म्हणजे मोरेश्वरचं. दोघंही भारतातून अमेरिकेत एमएस करायला आले होते, हा अमेरिकन फुटबॉल कधी हातात धरला नव्हता; पण कॉलेजचा रंग अंगात मुरला तो मुरलाच. आता हर्नडनला शेजारी राहायचे आणि शनिवारी दुपारी संग्रामच्या बेसमेंटमध्ये बसून भांडायचे. निळे थोडक्या पॉइंट्सनी पुढे होते. नारिंगी खेळाडूनं अगदी रेषेजवळ पास झेलला होता. पाय रेषेच्या आत असला तर नारिंगी जिंकणार, बाहेर असला तर निळे. खेळ थांबवून पंच कानाला हेडफोन लावून उभे होते. आतल्या खोलीत कुणीतरी रिप्ले तपासत होतं.

"बघ, किती वेळ लावतायत," संग्राम म्हणाला. "कुणाला तरी विचारत असतील, काय निकाल देऊ म्हणून."

"तुमच्या बाजूनं लागला की बरोबर, नाहीतर सेटिंग."

"अरे, जे लोक सतरा वर्षांच्या पोरांना टीममध्ये ओढायला, फिरवायला हेलिकॉप्टर पाठवतात, ते पंचांना सोडतील? लॉकर रूममध्ये झुंबर लावलंय त्यांनी. झुंबर! पोरांना लॉब्स्टर खायला घालतात, आईबापांना फाइव्ह स्टारमध्ये ठेवतात. आमच्याकडे असली थेरं नाहीत."

"म्हणून तुमच्याकडे कुणी येत नाही," मोरेश्वर म्हणाला. पण एरवीसारखा हसला नाही. चिप्सच्या वाटीत उगाच बोटं फिरवत राहिला.

पंचांचं चाललंच होतं, तेव्हा कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरू लागला. "आणि हे आजचे खास पाहुणे," निवेदक म्हणाला. पुढच्या वर्षी कॉलेजला हवी असलेली शाळकरी पोरं, शेजारी त्यांचे आईवडील. पुढच्याच रांगेत वीर होता. संग्रामचा मुलगा वीर, शाळेच्या टीममध्ये बॉलला किक मारणारा किकर. त्याच्याजवळ त्याची आई वीणा, नारिंगी जॅकेट घालून, उभी राहून टाळ्या वाजवत होती. लग्नाच्या वीस वर्षांत तिनं एकही मॅच धड बघितली नव्हती.

दोघं काल पिस्कॅटवेला रेणूमावशीकडे गेले होते. निदान संग्रामला तरी तसंच सांगितलं होतं. मावशीकडे जाताना वीणानं मोत्यांची कुडी का घातली, हे तेव्हाच त्याच्या मनात आलं होतं.

तो हळूच वळला. "तुला माहीत होतं."

"वहिनींनी विचारलं होतं," मोरेश्वर वाटीकडे बघत म्हणाला. "कॉलेज कसं आहे, पोरगा एकटा राहील का. मी खरं ते सांगितलं, बस."

संग्रामनं फोन लावला. पलीकडे गर्दीचा गदारोळ होता.

"दिसलो का आम्ही?" वीणानं विचारलं. आवाजात भीती नव्हती, त्यामुळे तो आणखी भडकला.

"तिकिटं कुणी काढली?"

"कॉलेजनं."

"आणि जेवण? लॉब्स्टर?"

"माझा शनिवार असतो, संग्राम. त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली होती. जरा चिकट झाली होती, पण केली होती."

"त्यांना काय माहीत तुझा शनिवार? कुणी सांगितलं? चौकशा करतात का हे लोक आपल्या?"

"हो, चौकशी केली. वीरला विचारलं, तुझ्या आईला काय चालतं. तुझ्या कॉलेजला तू त्याचे व्हिडिओ पाठवून दमलास. कुणी साधं 'मिळाले' म्हणालं?"

संग्रामनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझीही खुर्ची ठेवलीय त्यांनी. मीच म्हटलं, तो यायचा नाही."

पडद्यावर पुन्हा पाहुण्यांची रांग आली. वीर आणि वीणाच्या मध्ये एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर वीणाच्या पर्सशेजारी आणखी एक नारिंगी जॅकेट घडी करून ठेवलं होतं. संग्रामनं डोळे बारीक करून बघितलं. साइज बरोबर त्याचाच वाटत होता. हेही वीरलाच विचारलं असणार.

फोन वीरनं घेतला. "हाय बाबा. प्लीज डोन्ट बी मॅड. आय रिअली लाइक इट हिअर."

त्याच क्षणी फोनमधून हजारो माणसांचा एकदम आक्रोश आला. टीव्हीवर पंच अजून हेडफोन लावूनच उभा होता. टीव्हीवरचं चित्र नेहमी थोडं मागून यायचं. मोरेश्वर अजून हात जोडून बसला होता. संग्रामला मात्र कळलं. निळे जिंकले होते.

"नो! नो वे!" वीर ओरडला. मग त्याचा आवाज लहानपणी यायचा तसा चिरकला. "बाबा, ही वॉज इन! यू सॉ इट, राइट?"

आता टीव्हीवरच्या पंचानं हेडफोन काढला, माइक चालू केला आणि पाय बाहेर असल्याचं जाहीर केलं. मोरेश्वर सोफ्यावर मागे कोसळला. "घे लेका. जिंकलास."

संग्रामनं त्याच्याकडे पाठ केली आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"आत होता रे. मी बघितला ना. चांगला वीतभर आत होता," तो म्हणाला. "दिवसाढवळ्या लुबाडलं आपल्याला."