पाहुण्यांचा स्टँड

"पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांनी सूचना मिळेपर्यंत जागा सोडू नये!" फुटबॉलची मॅच संपताच मॉस्कोच्या स्टेडियममध्ये कर्णा खेकसला. बाहेर मारामारी नको म्हणून यजमानांचे चाहते निघून जाईपर्यंत पाहुण्यांना थांबवून ठेवतात. पाहुण्यांच्या स्टँडमध्ये म्हातारा गेन्नादी एकटाच होता आणि त्याला अडवायला सहा पोलीस!

चषकाच्या सामन्यात एकदा हरलं की गाशा गुंडाळायचा. सायबेरियातून तीन दिवस आगगाडीनं येऊन त्यानं आपल्या क्लबला चार गोल खाताना पाहिलं होतं. लांबलचक कापडी फलकाचं एक टोक त्यानं धरलं होतं, दुसरं खुर्चीला बांधलं होतं. ते टोक गेल्या वर्षापर्यंत त्याची बायको धरायची.

एका मिशाळ पोलिसाला राहवलं नाही. त्यानं गाठ सोडली. "आणा आजोबा, घडी घालू." चादरीची घालतात तशी दोघं घालू लागले, टोकाला टोक जुळवत जवळ आले, बोटांना बोटं लागली.

तेवढ्यात कर्ण्यानं जायची परवानगी दिली. "सुटलात बघा," पोलीस हसला. "पळा आता, घरी वाट बघत असतील."

गेन्नादीनं फलक छातीशी धरला. मग हळूच झटकून पुन्हा उलगडला.

"साहेब, घडी जरा वाकडी बसलीय. परत घालू या का?"