पंचावन्न मिनिटांत एक ठोका

सौदीतल्या दम्मामच्या हॉलमध्ये नूपुर पहिल्यांदाच ऑर्केस्ट्रात वाजवणार होती. सव्वाशे वर्षांपूर्वीची जर्मन सिम्फनी, पंचावन्न मिनिटांची, आणि त्यात तिच्या वाट्याला झांजांचा एकच ठोका. "बाबा, तुम्ही शेवटच्या रांगेत बसा," तिनं बजावलं होतं. "तिथवर पोचला तरच तो वाजला म्हणायचा."

तिचे बाबा, बाळकृष्ण, तेलाच्या प्लांटवर बावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर. त्यानं बायकोला, म्हणजे शर्मिलाला, आणि प्लांटवरच्या पंधरा जणांना नेऊन अख्खी शेवटची रांग भरून टाकली.

अठ्ठेचाळीस मिनिटं व्हायोलिनं संथ वाजत राहिली. बाळकृष्णाचा डोळा लागला आणि नेमका तेव्हाच ठोका पडला.

डोळे उघडायच्या आधीच तो उभा होता. "यल्ला, उठा! धावायचं नाही, सामान राहू दे." रांग मुकाट्यानं उठली. स्फोट झाला तर बाहेर कसं पडायचं, याचं ड्रिल दर महिन्याला त्यानंच तर करून घेतलं होतं. दोन मिनिटांत सगळे पार्किंगमध्ये. त्यानं डोकी मोजली, सतराच्या सतरा भरली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"अहो," पर्स आतच ठेवून आलेली शर्मिला म्हणाली, "आपल्या नूपुरची झांज होती ती."

बाळकृष्णानं हॉलच्या दाराकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पण शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचली ना?"

"साहेब," बॉयलरवरचा जमालुद्दीन म्हणाला, "पोचली म्हणून तर आपण इथे आहोत."