चाचणीपुरती

दसऱ्याचा सुकलेला हार बाजूला सारून ऋजुता पुन्हा प्रयोगशाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसली. त्याच्यावर तिच्या गाइड सरांच्या हातची चिठ्ठी अकरा वर्षं चिकटलेली होती: 'बंद करू नये.' नदीकाठच्या गावात पुराचं पाणी नऊ फूट चढेल, हा सरांचा गाजलेला अंदाज फक्त इथंच निघायचा. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर तोच प्रोग्रॅम तेरा फूट सांगायचा. "तिकडचीच मशिनं बिघडलेली," असं म्हणत आधीच्या विद्यार्थ्यांनी निमूटपणे इथंच पीएचडी उरकली होती.

ऋजुता मात्र इरेला पेटली होती. प्रोग्रॅम एक, मग उत्तरं दोन कशी? तीन आठवडे एकेक फाइल ताडून पाहिल्यावर आज तिला ती सापडली: पावसाच्या आकड्यांची, 'चाचणीपुरती' नावाची फाइल. प्रोग्रॅम इथं गुपचूप तीच वाचत होता, आणि तिच्यात एका केंद्राचा पाऊस निम्मा केलेला होता. तिनं सरांना बोलावून दाखवली.

"मीच केली होती," सर पुटपुटले. "काढायची राहून गेली." मग त्यांचा आवाज चढला. "पण लेख छापून आला, पुरस्कार मिळाला. आता कशाला उकरतेस?"

"सर, त्या लेखावरून गावाला भिंत बांधताहेत. नऊ फुटांची. तुम्ही नाही कळवलं, तर मी कळवीन."

सरांनी चिठ्ठी ओढून काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं: 'संपादक महोदय, आमचा आकडा चुकला आहे.'