वरची खोली

निशिगंधा जिना बसून चढत होती. पाठ वरच्या बाजूला, तोंड खाली. आधी कुबड्या दोन पायऱ्या वर ठेवायच्या, मग दोन्ही हातांवर भार देऊन अंग उचलायचं. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. पोळ्याच्या आठवड्यात राळेगावच्या रस्त्यावर तिची स्कूटी घसरली आणि नागपूरला पाय कापावा लागला. आज ती दवाखान्यातून परत आली होती.

इंदूबाई अंगणात उभी होती. घर तिचं. खाली ती एकटी राहायची आणि वरच्या खोलीत तीन वर्षांपासून ही पोस्टात नोकरी करणारी भाडेकरू. इंदूबाई दोनदा हात द्यायला पुढे झाली, दोनदा निशिगंधानं मानेनंच नको म्हटलं. सोळावी पायरी आली तेव्हा पोरीचा कुडता घामानं चिंब झाला होता.

चार दिवसांनी ती तशीच बसत बसत उतरली आणि ओट्यावर टेकली.

"काकू, सोमवारपासून ड्युटी आहे. रोज हा जिना मले जमणार नाही. खालची जागा मले द्या, तुमी वर राहा. अन् न्हाणीत धरायले एक दांडी लागते."

इंदूबाईला वाटलं, आपण भलतंच ऐकलं.

"पोस्टाजवळ दोन घरं विचारली," निशिगंधा म्हणाली. "एक म्हणे, पडलीस तर जबाबदार कोण? दुसऱ्यानं फोनच ठेवला. इथं नाही जमलं तर नोकरी सोडून ढाणकीले आईकडं जा लागते. मी दया मागून नाही राह्यली, काकू. राहाले जे लागते, ते मागून राह्यली."

तीस वर्षं इंदूबाई या ओट्यावर बसली होती. वरची खोली तिच्या नवऱ्यानं, मारोतरावांनी, भाड्यासाठीच बांधली होती. ते गेल्यावर ती वर चढायची ती फक्त चुना मारून घ्यायला.

संध्याकाळी पुण्याहून मुलाचा, कपिलचा फोन आला. "आई, तिले दुसरं घर पाहाले सांग. मालकीण वर अन् भाडेकरू खाली? लोक हसतीन."

सकाळी अंगणात कोणी नव्हतं. इंदूबाई जिन्यापाशी गेली. इकडेतिकडे पाहिलं, पहिल्या पायरीवर बसली, डावा पाय लुगड्यात दुमडून घेतला आणि हातांवर जोर देऊन मागे सरकली. तिसऱ्या पायरीला दंड थरथरले. पाचव्या पायरीला ती थांबली. थोडा वेळ तिथंच बसून राहिली. मग उठली, लुगडं झटकलं आणि थेट कय्युम वेल्डरच्या दुकानात गेली.

कपिलला तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "घर माह्यं आहे. हसू दे लोकायले."

रविवारी सामान हललं. कय्युमनं न्हाणीत लोखंडी दांडी बसवली आणि स्वतः लोंबकळून पाहिली. "काकू, याले म्हैस बांधा, हालणार नाही."

"म्हैस नाही, कय्युमभाई, मी धरणार आहो," निशिगंधा म्हणाली, आणि पाय गेल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली.

वर गेलेली इंदूबाई दोन दिवस कुरकुरली. चुलीसारखी तापते म्हणे खोली. तिसऱ्या दिवशी तिनं मागची खिडकी उघडली. खालच्या खिडकीतून तीस वर्षं तिला शेजारची भिंत दिसली होती. इथून अख्खं घाटंजी दिसत होतं. बाजाराचं मैदान, नदी, नदीपलीकडची शेतं. वाऱ्यानं पदर उडाला. तिनं चहाचा कप तिथंच नेला.

दिवाळीपर्यंत ती शेतं कपाशीनं पांढरी झाली. बाजाराच्या दिवशी इंदूबाई खिडकीतूनच वांगी पारखायची आणि बाजाराला निघालेल्या बायांना वरून हाक मारायची, "शेवटच्या दुकानात जा वं, तिथली ताजी हायेत." बाया हसायच्या. तीही हसायची. मारोतराव गेल्यापासून घरात इतकं हसू झालं नव्हतं.

संक्रांतीनंतर निशिगंधाचा नवा पाय आला. अंगणात रोज सराव सुरू झाला. टक्, थांबा, टक्. इंदूबाईला आनंद झाला. तिळाचे लाडू घेऊन ती खाली गेली, पोरीची दृष्टही काढली. पण दिवसेंदिवस ती टकटक भराभर होऊ लागली, तशी तिची खिडकीतली बैठक लांबत गेली. पोरगी चढायला लागली की आपल्याला उतरावं लागणार, हे तिला कळत होतं. हे मनात येतं याची लाजही वाटत होती.

एका संध्याकाळी टकटक जिन्यावर आली. इंदूबाई दारात धावली. निशिगंधा कठड्याला धरून उभ्यानं चढत होती. सोळावी पायरी. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"दम लागते, पण जमते," निशिगंधा धापा टाकत म्हणाली. "काकू, तुमची जागा आता तुमाले—"

"थांब." इंदूबाईनं पदरानं डोळे पुसले. मालकिणीला असं बोलायची सवय नव्हती. "एक मागू काय, निशी? तू खालीच राह्य. मले वर राहू दे."

घर तिचंच होतं, तरी उत्तर येईपर्यंत ती श्वास रोखून उभी राहिली.