बसप्पाचा डिबगर

"तुमीच काव्या व्हय? मग सापडला म्हणायचा चोर!" दार उघडताच बसप्पा म्हणाला. एका हातात पांढरी काठी, दुसऱ्यात जुना लॅपटॉप. जुळे सोलापुरातल्या तिच्या घराचे तीन जिने तो मोजत चढून आला होता. "प्रोग्रामखाली तुमचं नाव ऐकलं. म्हटलं, ही तर आपल्याच गावची की."

काव्या सांभाळते तो एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारं नकली यंत्र. बसप्पा कामाला होता त्या टॉवेल कारखान्यात मागाला नक्षी सांगणारं कार्ड वीस वर्षांचं, बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली. कार्डातला प्रोग्राम अडला की बसप्पा तो या नकली यंत्रावर चालवायचा. मग आपल्या लॅपटॉपवरून डिबगर जोडून पावलापावलाला थांबवत चूक हुडकायचा. डोळे गेले तरी काम सुटलं नव्हतं. जुना डिबगर नुसता अक्षरांचा, लॅपटॉप ती मोठ्यानं वाचून दाखवायचा. नव्यात सगळी चित्रं नि बटणं. तिथं लॅपटॉप मुका.

आणि काव्याला गेल्या महिन्यात साफसफाईची हुक्की आली होती. तिनं जुन्या डिबगरची सोयच काढून टाकली.

"माग अडून बसलाय. शेठ म्हणतोय, सोमवारपर्यंत माग चालला तर ठीक. न्हायतर नवं कार्ड आन् नवा माणूस."

"पण काका, मी महिनाभर नोटीस लावली होती. जुनं कोणाला लागतंय का म्हणून. एकानंही कळवलं नाही."

"कुटं लावली होती?"

"वेबसाइटच्या पहिल्याच पानावर. लाल रंगात, चांगली मोठी..." ती थांबली. नोटीस म्हणजे चित्र होतं. हौसेनं सजवून केलेलं. लॅपटॉपला ते वाचता येणार नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लाल होती व्हय?" बसप्पा हसला. "झ्याक दिसली असंल की."

काव्या कामाला बसली. काढलेला भाग तिनं परत आणला. डिबगर जोडला गेला, लॅपटॉप खरखरत आकडे वाचू लागला. तिनं सुटकेचा निःश्वास सोडला, तोच बसप्पानं हात वर केला.

"थांबा. हे आकडे दुप्पट लांब हायत. माझ्या कार्डाचे आठ अंकांतच संपतात."

खरंच की. नव्याची लांबी तिनं जुन्याच्या गळ्यात मारली होती. तिनं तेही सुधारलं. जुना डिबगर जोडला की आठच अंक, नवा जोडला की सोळा. लॅपटॉप पुन्हा बोलू लागला. बसप्पा कान देऊन ऐकत राहिला, मग मान हलवून म्हणाला, "हां. आता हाय माझं कार्ड."

काव्याला बरं वाटलं, आणि लाजही वाटली. "काका, नवा डिबगरही बोलका करू आपण. शिकाल ना?"

"शिकतो की, लई हौस हाय." त्याची बोटं केव्हाच पुढच्या पावलावर गेली होती. "पण शिकून होईस्तवर कामावर तर ऱ्हाऊ द्या, ताई."